‘मर्फी’ आणि न हसणारे वाचक

सॅम्युएल बेकेटच्या ‘मर्फी’ या कादंबरीविषयी वाचत्या मंडळींशी बोलताना दोन अभिप्राय आमच्या कानी वारंवार पडतात. पहिला असा की, ही ‘गोदो’कार बेकेटची उमेदवारी, पुढच्या थोर नाटकाची बीजे शोधण्यापुरतीच ती वाचावी. दुसरा असा की, विद्वत्तेचे प्रदर्शन मांडणारे हे पुस्तक विनोदी म्हणवते, पण हसू काही येत नाही. हे दोन्ही अभिप्राय एकाच भित्रेपणातून येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. थोर लेखकासमोर हसण्याची या वाचकांना भीती वाटते.

पहिल्या अभिप्रायाकडे आधी पाहू. ‘मर्फी’ 1938 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ‘गोदो’ रंगमंचावर आले 1953 साली आणि नोबेल मिळाले 1969 साली. म्हणजे कादंबरी लिहिणाऱ्या बेकेटसमोर कुठलाच ‘बेकेट’ नव्हता. होती ती चाळीसहून अधिक प्रकाशकांची नकारपत्रे. पुढच्या कीर्तीचा दिवा मागे धरून हे पुस्तक वाचणे म्हणजे मुलाच्या बाललीलांत त्याचे निवृत्तिवेतन शोधणे होय. असा दिवा हाती नसलेल्यांनी ते अधिक मोकळेपणाने वाचले. मर्फीच्या अस्थींची जी वासलात लागते, तो उतारा जेम्स जॉइसला मुखोद्गत होता. आयरिस मर्डॉकने 1954 सालच्या आपल्या पहिल्या कादंबरीत नायकाच्या पुस्तकांमध्ये ‘मर्फी’ला जागा दिली, तीही नोबेलच्या पंधरा वर्षे आधी.

आता विद्वत्तेचा आरोप. तो निराधार नाही. देकार्तच्या परंपरेतला देह आणि मन यांचा झगडा, ज्योतिष, बुद्धिबळ, सारे येथे खच्चून भरले आहे. पण त्या विद्वत्तेचे पुढे काय होते, हे आरोपकर्ते पाहत नाहीत. मर्फी हाइड पार्कमध्ये पाच बिस्किटे मांडून बसतो. नावडते आधी आणि आवडते आल्याचे शेवटी खायचे, हा नियम पाळला तर खाण्याचे क्रम अवघे 6. एक पूर्वग्रह सोडला तर 24. दोन्ही सोडले तर 120! या गणिती मुक्तीच्या आनंदात तो असताना एक कुत्री येते आणि आल्याचे तेवढे ठेवून बाकीची चार फस्त करते. येथे तत्त्वज्ञान मिरवले जात नाही, ते कुत्रीच्या पोटात जाते. पहिल्याच प्रकरणात मर्फी नग्नावस्थेत सात रुमालांनी स्वतःला झुलत्या खुर्चीला बांधून घेतो. हिशेब मात्र सहा रुमालांचाच लागतो, आणि मनगटे बांधलेल्या माणसाने शेवटची गाठ मारली कशी, हेही कोणी सांगत नाही. ही चूक की खोडी, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी एकदा हसून घ्यावे.

मराठी वाचकाला तर येथे संकोचाचे काही कारणच नाही. सेलियाला रस्त्यावरचा देहविक्रय सोडायचा आहे, म्हणून ती मर्फीच्या मागे नोकरीचा धोशा लावते. तो आपली पत्रिका पुढे करतो. ती वर्तवणाऱ्या ज्योतिषाचे नाव रामस्वामी कृष्णस्वामी नारायणस्वामी सुक! ग्रह अनुकूल होईतो हातपाय न हलवणारा पुरुष समजण्यासाठी आपल्याला कोणत्याही टीपेची गरज भासू नये.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. मर्फी मनोरुग्णालयात नोकरी धरतो आणि तेथील रुग्णांचा त्याला हेवा वाटतो. त्यांच्या यातनांत त्याला मुक्ती दिसते. हे वाचून अस्वस्थ होणारा वाचक चुकत नाही. पण ही भूल मर्फीची आहे, कादंबरीची नव्हे. एन्डन या रुग्णाशी तो बुद्धिबळाचा डाव मांडतो. एन्डन शांतपणे आपली मोहरी बाहेर काढतो आणि पुन्हा घरी नेतो. प्रतिस्पर्धी समोर बसला आहे, याची दखलच तो घेत नाही. त्रेचाळीस खेळ्यांनंतर मर्फी डाव सोडतो. पुढे त्या डोळ्यांत तो स्वतःला शोधतो आणि कळते ते एवढेच, की त्या नजरेला आपण दिसतच नाही. ज्या बंद मनाची त्याने आयुष्यभर आराधना केली, त्या मनात दुसऱ्या कोणालाच जागा नाही. त्याच रात्री वायूच्या स्फोटात तो मरतो.

अस्थी डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहाच्या शौचकूपात, शक्यतो प्रयोग चालू असताना, सोडाव्यात, अशी त्याची अंतिम इच्छा असते. प्रत्यक्षात त्या लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात जमिनीवर सांडतात आणि केरात जातात. येथे आपण हसतो, हसायलाच हवे. पण कादंबरी येथे संपत नाही, आणि नेमके हेच ‘नुसता विनोद’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. शेवटच्या प्रकरणात सेलिया पुन्हा पूर्वीच्या धंद्यात आहे. तिच्या म्हाताऱ्या आजोबांच्या पतंगाची दोरी तुटते, उद्यान बंद होण्याची वेळ होते, आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांना ती घरी ढकलत नेते. मर्फीच्या मुक्तीची किंमत कोणी मोजली, हे त्या ढकलण्यात आहे. आधी जो हसला नाही, त्याला ती खुर्ची जड लागणार नाही; कारण मर्फीचा खेळ आपणही मजेत पाहिला, सेलियाला विसरून पाहिला, ही टोचणी त्याच्या वाट्याला येत नाही.

2013 साली या कादंबरीचे हस्तलिखित रीडिंग विद्यापीठाने लिलावात 9 लाख 62 हजार 500 पौंडांना घेतले. सहा वह्यांना एवढे मोल आले, याचा आम्हांला आनंदच आहे. पण पूज्य वस्तू काचेआड ठेवायची असते, आणि काचेआडच्या पुस्तकाला कोणी हसत नाही. तेव्हा वाचकहो, ‘गोदो’ घटकाभर बाजूला ठेवा, बिस्किटे मोजा, पोटभर हसा, आणि मग सेलियाबरोबर ती खुर्ची घरापर्यंत ढकलत न्या.