कात्री किती चालवायची?

"कमी शब्दांत लिहा" हा सल्ला हल्ली कोणीही कोणालाही देतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना तर तो लगेच पटतो. चाळीस ओळींचं फंक्शन दहा ओळींत बसवलं की आमचा दिवस सार्थकी लागतो! पण कोड आखडला तरी आउटपुट तेच यावं लागतं, नाहीतर टेस्टिंगवाले सोडत नाहीत. कथेत शब्द काढले की आउटपुटच बदलतं.

रेमंड कार्व्हरचं बघा. हा अमेरिकन कथाकार मोजक्या शब्दांसाठी प्रसिद्ध. पण १९८१ साली त्याचा जो संग्रह गाजला, त्यातला निम्म्याहून जास्त मजकूर संपादक गॉर्डन लिशने उडवला होता. छपाई थांबवा म्हणून कार्व्हरने त्याला पत्रातून विनवलं, तरी पुस्तक निघालंच. (आणि गाजलं, हीच तर गंमत.) त्यात 'द बाथ' नावाची कथा आहे. आईने मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगितलेला असतो. त्याच दिवशी मुलाला गाडीची धडक बसते आणि बेकरीवाला न नेलेल्या केकसाठी घरी फोन करत राहतो. शेवटी फोन वाजतो आणि कथा तिथेच तुटते. अंगावर काटा येतो, खरंय.

१९८३ च्या 'कथीड्रल' या संग्रहात कार्व्हरने हीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने सविस्तर दिली. त्यात मुलगा जातो. आईबाप रात्री बेकरीत भांडायला जातात आणि सगळं कळल्यावर बेकरीवाला त्यांना बसवून घेतो, गरम रोल खायला घालतो. आपल्याकडे मर्तिकाच्या घरी शेजारी पिठलं-भात आणून देतात ना, तसंच काहीसं. लिशच्या कात्रीतून वाचली ती भीती. हा घास मात्र गेला. मला विचाराल तर लांब कथाच थोर आहे.

म्हणून लांब ते चांगलं, असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' एवढीशी, पण धनगरांचं अख्खं गाव त्यात मावलंय. एक पान वाढवलं तरी ते उपरं वाटेल. उलट जी. ए. कुलकर्णींच्या कथेतल्या उपमा छाटून दाखवा! हातात नुसता गोषवारा उरेल.

असो. कार्व्हरच्या कथांचा लिशने हात लावण्याआधीचा मजकूर २००९ साली 'बिगिनर्स' नावाने आला. तो आणि १९८१ चा संग्रह शेजारी ठेवून वाचायला एक शनिवार-रविवार पुरतो.