भिन्नमत छापू द्या : रशियाच्या घटना न्यायालयास अनावृत पत्र

सन्माननीय न्यायमूर्तींस,


सेंट पीटर्सबर्गमधील सिनेटच्या ज्या भव्य वास्तूत २००८ पासून आपले दफ्तर आहे, तिच्यासमोरील चौकात डिसेंबर १८२५ मध्ये काही उमराव घराण्यांतील लष्करी अधिकारी, नव्या झारशी इमानाची शपथ घेण्याचे नाकारून, आपापल्या पलटणींसह उभे राहिले होते. राजसत्तेला लेखी कायद्याची मर्यादा असावी, हा त्यांच्यापैकी अनेकांचा आग्रह होता, आणि पहिल्या निकोलसने त्याच दिवशी तोफा डागून त्याचा निकाल लावला. तीच मर्यादा सांगणे हे ज्या न्यायालयाचे विहित कर्तव्य, ते आज त्या चौकाकडे तोंड करून बसलेले आहे. म्हणूनच हे पत्र क्रेमलिनला न लिहिता आपणांस लिहीत आहे.

आपल्या देशात सनदांची आणि मसुद्यांची वाण कधीच नव्हती. १७३० मध्ये उमरावांनी नवी सम्राज्ञी अॅना इव्हानोव्हना हिच्याकडून राज्याधिकार मर्यादित करणाऱ्या अटींवर सही घेतली आणि काही आठवड्यांतच तिने तो कागद फाडून टाकला. १८०९ मध्ये झारचा सल्लागार स्पेरान्स्की याने आखलेली राज्यरचनेची योजना बहुतांशी दफ्तरातच राहिली. १९०६ च्या मूलभूत कायद्यांत दुसऱ्या निकोलसने ‘निरंकुश’ हे आपले बिरुद कायम ठेवले, पहिली दुमा (लोकप्रतिनिधीगृह) ७२ दिवसांत बरखास्त केली, आणि पुढच्याच वर्षी दुमाच्या संमतीवाचून निवडणुकीचा कायदा बदलून स्वतः दिलेली सनद स्वतःच मोडली. जानेवारी १९१८ मध्ये संविधानसभा एकच बैठक करू शकली, कारण दुसऱ्या दिवशी बोल्शेविकांनी तिला दारे बंद केली. नंतर आलेल्या सोविएत घटनांपैकी १९३६ च्या घटनेत भाषण, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य लिहिलेले असतानाच दुसऱ्या वर्षी स्तालिनच्या दमनसत्राने कळस गाठला, आणि १९७७ च्या घटनेने तर सहाव्या कलमात कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्वच कायद्यात गोवून टाकले. या सगळ्या कालखंडात उणीव होती ती एकाच गोष्टीची : सत्ताधीशाचे फर्मान हाती घेऊन ‘हे घटनेस धरून नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेल्या संस्थेची.

ती संस्था १९९१ मध्ये आपल्या रूपाने अवतरली. जानेवारी १९९२ मध्ये, स्थापनेला काही महिनेच झालेले असताना, गृहखाते आणि गुप्तचर खाते एकत्र करणारे अध्यक्ष येल्त्सिन यांचे फर्मान आपण रद्द केले आणि ते पाळले गेले. रशियाच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे. २१ सप्टेंबर १९९३ रोजी येल्त्सिन यांनी १४०० क्रमांकाचे फर्मान काढून संसद बरखास्त केली, तेव्हाही त्याच रात्री आपण ते घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाने घाई केली, त्याचे अध्यक्ष वालेरी झोर्किन राजकारणाच्या आखाड्यात उतरले, हे तेव्हाचे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु त्यांचे उत्तर रणगाड्यांनी द्यावे, असे त्यांत काही नव्हते. ४ ऑक्टोबरला संसदभवनावर तोफगोळे पडले, झोर्किन यांनी अध्यक्षपद सोडले, आपले कामकाज तहकूब झाले, आणि डिसेंबरमध्ये विजेत्याच्या कलाने लिहिलेली घटना सार्वमताने मंजूर झाली. आजची सर्वंकष अध्यक्षीय सत्ता बहुधा पुतिन यांच्या नावे मांडली जाते. पण पंतप्रधानपदासाठी सुचविलेले नाव दुमाने तीनदा नाकारले तर दुमाच बरखास्त करण्याची मुखत्यारी अध्यक्षांस त्याच घटनेने दिलेली होती.

१९९५ मध्ये आपले काम पुन्हा सुरू झाले. १९९६ मध्ये, आल्ताय प्रांताच्या प्रकरणात, प्रांताच्या प्रमुखाने आपला अधिकार थेट जनतेकडून घ्यावा, असा निर्वाळा आपण दिलात. २००५ मध्ये, बेस्लानच्या शाळेतील हत्याकांडानंतर गव्हर्नरांच्या निवडणुका रद्द करणारा कायदा मात्र आपण वैध ठरविलात. २०१४ मध्ये क्रिमियाच्या करारावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि २०२० मध्ये पुतिन यांच्या मागील कारकिर्दी हिशेबातून वगळणाऱ्या घटनादुरुस्तीवर अध्यक्षांची सही झाल्यावर दोनच दिवसांत, आपली अनुकूल मते जाहीर झाली. त्या दुरुस्तीने आपली संख्या १९ वरून ११ वर आणली; आणि त्याच वर्षीच्या कायद्याने न्यायाधीशाचे भिन्नमत प्रसिद्ध करण्यास मनाई करून ते केवळ कार्यवृत्तास जोडून ठेवण्याचा शिरस्ता घातला.

अशा राजवटीत न्यायाधीशाने करावे तरी काय, हा प्रश्न मी हलका मानीत नाही, कारण माझ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचीही अशीच कसोटी लागली आणि ते तीत उतरले नाही. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल चार न्यायाधीशांनी दिला. त्या चौघांत आमच्या महाराष्ट्राचे यशवंत चंद्रचूडही होते. एकटे हंसराज खन्ना भिन्नमत नोंदवून राहिले, आणि पुढील जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीश नेमण्यात आले. परंतु ते मत निकालपत्राबरोबरच छापले गेले होते. वकिलांनी ते वाचले, विद्यार्थ्यांना ते शिकविले गेले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला, तेव्हा त्या पीठावर चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय बसलेले होते. खन्नांचे मत एखाद्या कपाटात मोहोरबंद राहिले असते, तर पुढच्या पिढीला दुरुस्तीची वाट दाखविणारा लेखी आधार नाहीसा झाला असता.

आपल्याकडेही ही परंपरा होती. १९९५ मध्ये चेचन्यात सैन्य धाडण्याच्या हुकमांना आपण बव्हंशी वैध ठरविलेत, तेव्हा असहमत न्यायाधीशांत तमारा मोर्श्चाकोव्हा होत्या आणि स्वतः झोर्किनही होते. ती मते प्रसिद्ध झाली, म्हणूनच रशियात त्या युद्धाच्या कायदेशीरपणाविषयी न्यायाधीशांतही मतभेद होता, हे आज निर्विवादपणे सांगता येते. याउलट, सप्टेंबर २०२२ अखेर युक्रेनचे चार प्रांत जोडून घेण्याचे करार दोन दिवसांत आपल्या मान्यतेस पात्र ठरले, त्या वेळी आपल्यापैकी कोणाच्या मनात किंतु आला होता की नाही, हे जाणण्याचा मार्ग रशियन नागरिकाला उरलेला नाही.

आपण उद्या क्रेमलिनला आव्हान द्यावे, अशी अपेक्षा मी करीत नाही. माझी विनंती मर्यादित आहे. रशियन घटनेच्या १०४ व्या कलमाने आपल्या अधिकारकक्षेतील विषयांवर कायद्याचा मसुदा दुमापुढे ठेवण्याचा हक्क आपणांस दिलेला आहे. तो वापरून, भिन्नमत निकालाबरोबर प्रसिद्ध करण्याची पूर्वीची तरतूद परत आणण्याचा प्रस्ताव आपण मांडावा. दुमा तो फेटाळील, हे गृहीत धरले तरी, न्यायालयाने तो मागितला होता एवढे सरकारी दफ्तरी नोंदले जाईल, आणि १९९३ च्या त्या रात्रीनंतर आपल्या नावावर अशी नोंद होण्यास फार काळ लोटला आहे.



आपला नम्र,
एक भारतीय नागरिक