मादी पिल्लू नको का?

भाद्रपदात गावची कुत्री माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी विते. त्यामुळे नाताळच्या सुमारास आमच्या खानापूर भागात जवळजवळ प्रत्येक वाडीत कुठल्यातरी गवताच्या गंजीखाली पाच-सहा पिल्ले कुंईकुंई करीत असतात. याच दिवसांत चर्चच्या आवाराबाहेर किंवा आठवड्याच्या बाजाराच्या कडेला पोत्यातून आणून सोडलेली पिल्लेही दिसतात. ती जरा उचलून पाहावीत. बहुतेक माद्याच असतात. नर पिल्ले ज्याने त्याने घरी नेलेली असतात.

घरात कुत्रे हवे, पण मादी नको, हा आपल्या शेतकरी बांधवांचा जुना हट्ट आहे. आम्हांस तो चुकीचा वाटतो. शेतघराला आणि गोठ्याला मादीच अधिक सोयीची. नर कुत्रा भाद्रपदात चार-चार दिवस घरी फिरकत नाही. कुठे भांडतो, कुठे चावून घेतो, ते कळतही नाही. मादी सहसा घर धरून राहते. तिला वर्षातून दोनदा पिल्ले होतील ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून तिची शस्त्रक्रिया एकदाच करून घ्यावी. बाजारात सोडलेल्या माद्यांपैकी ज्या जगतात त्यांचीच पुढे टोळकी होतात आणि तीच आपल्या शेळ्यांच्या करडांवर पडतात. मग आपणच गावभर तक्रार करीत फिरतो.

आम्ही स्वतः पहिल्यापासून शहाणे होतो अशातला भाग नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही शहरातून अल्सेशियनचे पिल्लू विकत आणले. विकणाऱ्याने ते दीड महिन्याचे सांगितले. दातांवरून एका महिन्याचेही नसावे. आठव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला, सलाईन लावली, पण तिसऱ्या रात्री ते गेले. धाकटी मुलगी दोन दिवस जेवली नाही. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बंदी आहे, हे आम्हांला नंतर समजले. आणि ते जगले असते तरी आमच्या पावसात, ओल्या अंगणात, त्या दाट केसांतील गोचिडी कोण काढीत बसणार होते?

मुधोळच्या कुत्र्याविषयी पुष्कळजण विचारतात. जात आपल्याच मुलखातली आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली आणि २००५ साली टपालखात्याने तिचे तिकीटही काढले. पण तो पळत्या सावजामागे धावणारा शिकारी कुत्रा आहे. अथणी-गोकाककडच्या मोकळ्या रानात तो शोभतो. आमच्याकडे जंगल दाराशी. तो सशामागे गेला तर वन्यजीव कायद्याचा प्रश्न, आणि घरच्या कोंबड्या तर त्याला सावजच वाटणार. ज्यांना रोज त्याला दौडवायला सवड नाही त्यांनी त्या फंदात पडू नये.

त्यापेक्षा शेजारच्या वाडीत जाऊन पिल्लांची आई पाहावी. ती माणसांत मिसळते का, कोंबड्यांना अंगावरून जाऊ देते का, हे पाहिले की निम्मे काम झाले. पिल्लांतले कोपऱ्यात दबून बसणारे घेऊ नये, आणि भावंडांना सारखे चावत सुटणारेही नको. डोळे स्वच्छ असावेत. पोट ढोलासारखे फुगलेले असेल तर बहुधा जंत असतात. औषधाने बरे होतात. नाताळात पिल्लू आवडले तर आईजवळ ठेवून यावे आणि आठ आठवडे पुरे झाले की आणावे. रात्री बाहेर बांधू नये, बिबट्या पहिल्यांदा बांधलेले कुत्रेच उचलतो. गोठ्यात आत घ्यावे.

एका बाबतीत मात्र आम्ही कुणाचीच सबब ऐकणार नाही. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. शेजारच्या गोव्यात गावोगावी कुत्र्यांना पकडून लस टोचली, तेव्हा कुठे तेथील रेबीज आटोक्यात आला. अजूनही काही घरांत पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील म्हणून चावल्याचे लपवतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली; आता दंडात मोजकी इंजेक्शने असतात. कुत्रे कुणाचेही असो, चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नये.

आमच्याकडे आता आहे ती बाजारातून उचललेली तांबडी मादी. शस्त्रक्रिया झाली, पट्टा आहे, लशींचे कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवले आहे. ताकात कुस्करलेली भाकरी खाते आणि रात्री गोठ्याच्या उंबऱ्यावर झोपते.