वटवाघळांचे घरकुल

जुनी माळवदाची घरे आता झपाट्याने चालली आहेत. वैजापूर तालुक्यातही वस्त्यावस्त्यांतून रमाई घरकुले उभी राहिली. गळक्या धाब्याखाली पावसाळे काढलेल्या माताभगिनींना स्लॅबचे मोल विचारा! त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र माळवदाच्या तुळया-किलचनांच्या फटींत दिवसभर दडून बसणारी लहान वटवाघळे त्यामुळे बेघर झाली. गुळगुळीत स्लॅबला त्यांची नखे टिकत नाहीत.

ही लहान वटवाघळे फळे खात नाहीत, किडे खातात. डास खातात, रात्री उडणारे पतंग खातात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस नासवला, तिचा पतंगही रात्रीचाच. वटवाघळाने बोंडअळी संपेल असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पण रात्रपाळीचा हा मजूर फुकट राबतो, एवढे खरे.

घरात वटवाघूळ शिरले की अपशकुन म्हणून भगताकडे धावणारे आजही आहेत. अजिंठा-वेरुळच्या लेण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, तिथे कुणावर अवदसा आली? कायद्यानेही १९७२ पासून फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

अमेरिकेत सॅन अँटोनिओजवळ डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी १९११ साली वटवाघळांसाठी मोठा लाकडी मनोराच बांधला होता. आपल्याला दोन फळ्या पुरतात. जुन्या खोक्याच्या खरबरीत फळ्या घ्याव्यात. मागची दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद. पुढची पाच इंच आखूड, म्हणजे खाली उतरायला जागा राहते. दोन्हींत पाऊण इंचाची फट ठेवावी. जास्त ठेवू नये, त्यांना दाटीच आवडते. मागच्या फळीवर करवतीने अर्ध्या-अर्ध्या इंचावर आडव्या खाचा पाडाव्यात. बाजू व माथा बंद, तळ उघडा. आत रंग नको, खिळ्याचे टोक नको. थंड देशांत खोके काळे रंगवतात. आपल्याकडचे ऊन पाहता बाहेरून चुना द्यावा.

झाडापेक्षा भिंत बरी. विहाराची किंवा समाजमंदिराची मागची भिंत उत्तम. बारा-पंधरा फूट उंच, तोंड पूर्वेला, म्हणजे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली. जवळ दिवा, विजेची तार किंवा फांदी नसावी.

मग धीर धरावा. वर्ष-दोन वर्षे कुणी फिरकत नाही, कधी कधी येतच नाही. खाली लेंड्या दिसल्या तर काडीने चुरून पाहाव्यात. चुरा होऊन किड्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे दिसले तर भाडेकरू आला समजावे. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा सूर्यास्ताला अर्धा तास लांब बसून बाहेर पडणारी मोजावीत. मुलांना वही द्यावी: तारीख, वेळ, संख्या, हवा. आमच्या कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरपेक्षा ही वही नक्कीच नीट राहील! रोज बॅटरी मारून पाहू नये. मे महिन्यात ती तळाशी येऊन धापा टाकू लागली तर उष्णता फार होते आहे. पुढे खोके रिकामे झाल्यावरच सावलीला हलवावे.

खाली पडलेल्या वटवाघळाला मुलांनी हात लावू नये, त्याला रेबीज असू शकतो. चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. हळद-चुना भरत बसू नये.