मोन भाषा आणि विद्यापीठाचे दार

ब्रह्मदेशातील पगान येथील म्याझेदी शिलालेख इ. स. १११३ च्या सुमाराचा असून तो पाली, प्यू, मोन व बर्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे. यांपैकी पालीला धर्मग्रंथांचा आश्रय लाभला, बर्मी राज्यभाषा झाली आणि प्यू लोप पावली. मोन आजही बोलली जाते. परंतु राज्याश्रय तिच्याजवळ उरलेला नाही. तिची पुढील वाटचाल कोणत्या दिशेने होणार, हा प्रश्न भावनेपेक्षा शिक्षणव्यवस्थेचा आहे आणि त्यातही उच्च शिक्षणाचा आहे.

मोन ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा होय. तिचे सहाव्या शतकापासूनचे कोरीव लेख आज थायलंडमध्ये मोडणाऱ्या प्रदेशात आढळले आहेत. बर्मी लिपी मोन लिपीवरून सिद्ध झाली, असे मत दीर्घकाळ रूढ आहे. क्यान्झित्था या पगानच्या बर्मी राजानेही आपले लेख मोन भाषेत कोरविले. पेगूचा राजा धम्मझेदी याचे पंधराव्या शतकातील कल्याणी शिलालेख पाली व मोन भाषांत आहेत. १७५७ मध्ये आलाउंगपायाने पेगू जिंकले आणि मोन राजसत्ता संपुष्टात आली. असंख्य मोन कुटुंबे सयामात गेली. जी मागे राहिली, त्यांची भाषा दरबारातून उठली आणि विहारांच्या आश्रयाला गेली.

ही भाषा त्यानंतर टिकवली ती प्रामुख्याने भिक्षूंनी. ताडपत्रांवरील पोथ्यांच्या नकला करणे, मुलांना अक्षरओळख करून देणे, सुट्टीच्या दिवसांत वर्ग चालविणे ही कामे विहारांनी केली. १९६२ च्या लष्करी उठावानंतर अल्पसंख्य भाषांना सरकारी शाळांतील स्थान उत्तरोत्तर नाकारले गेले. तेव्हा मोन संघटनांनी स्वतःच्या राष्ट्रीय शाळा काढल्या. १९९५ च्या युद्धविरामानंतर त्यांचा विस्तार झाला. या शाळांत प्राथमिक शिक्षण मोनमधून दिले जाते आणि पुढील इयत्तांत क्रमाने बर्मीकडे वळविले जाते, कारण सरकारी प्रवेशपरीक्षेची भाषा बर्मी आहे. २०१४ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने अल्पसंख्य भाषांच्या अध्यापनाला काही वाव दिला. पण तो मुख्यतः शाळेच्या प्रारंभिक पायऱ्यांपुरता राहिला.

‘आधी प्राथमिक शाळा भक्कम करा, विद्यापीठाचे पुढे पाहू’, असा एक आक्षेप येथे घेतला जातो. तो वरवर व्यवहार्य वाटतो. वस्तुतः त्यात कार्यकारणाचा क्रम उलटा धरलेला आहे. प्राथमिक शाळेला शिक्षक लागतात, पाठ्यपुस्तके लागतात, गणित-विज्ञानाची परिभाषा लागते, प्रमाणलेखनाचे नियम लागतात. मोनच्या बाबतीत तर लेखन जुन्या रूपाला धरून राहिले आणि बोली दूरवर बदलत गेल्या. स्थलपरत्वे त्यांत भेदही आहेत. मुलाला काय व कसे शिकवावे, हा निर्णय अभ्यासाविना होऊ शकत नाही, आणि असा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणारी संस्था म्हणजे विद्यापीठीय विभाग. शिवाय जी भाषा चौथी-पाचवीनंतर मागे टाकावयाची आहे, ती बालपणीच सोडून द्यावी, हा हिशेब पालक फार लवकर करतात.

मोनचा विद्यापीठीय अभ्यास मुळीच झालेला नाही, असे नव्हे. रॉबर्ट हॅलिडे यांचा मोन-इंग्रजी कोश १९२२ मध्ये निघाला. हॅरी शॉर्टो यांचा बोलभाषेचा कोश १९६२ मध्ये आणि शिलालेखांतील मोनचा कोश १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या विद्वानांचे ऋण मोठे आहे. परंतु मोन विद्यार्थ्याला आपल्याच पूर्वजांचा लेख वाचावयाचा तर आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो, ही वस्तुस्थिती उरतेच. भाषा अभ्यासाचा विषय झाली. अभ्यासाचे माध्यम झाली नाही. जतन आणि अध्ययन यांतील हा भेद लक्षात न घेतल्यास विद्यापीठ हेही एक वस्तुसंग्रहालयच ठरेल. शिलालेखांबरोबर आजचे गीत, कथा, वृत्तपत्रीय लेखन आणि बाजारातील बोली यांनाही अभ्यासक्रमात स्थान हवे. भिक्षूंच्या पोथीविद्येला पदवीच्या अभावी दुय्यम लेखता कामा नये.

मोन घेऊन पोट भरेल काय, हा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. केवळ साहित्याची पदवी पुरेशी नाही, हे मान्य करावे लागेल. पण शिक्षक, परिचारिका, न्यायालयातील दुभाषी, कृषिसेवक यांच्या प्रशिक्षणात मोनचा अंतर्भाव झाला, तर भाषेला व्यवहार मिळतो आणि लोकांना त्यांच्या भाषेत सेवा मिळते. राष्ट्रीय ऐक्याला बाधा येईल, ही भीतीही इतिहासाने खरी ठरविलेली नाही. भाषा नाकारल्याने ऐक्य साधते, असे त्या देशाच्या अनेक दशकांच्या यादवीकडे पाहून कोण म्हणेल?

२०२१ च्या लष्करी उठावाने तेथील विद्यापीठीय जीवन विस्कळीत केले. असंख्य अध्यापक व विद्यार्थी असहकारात उतरले. अशा स्थितीत शासनाच्या अनुमतीची वाट पाहत बसणे निरर्थक आहे. मोन समाजाच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था, थायलंडमधील विद्यापीठे आणि परदेशांतील अभ्यासकेंद्रे यांनी मिळून अध्यापकांची एक पिढी घडविली, तर शांततेच्या काळी विभाग उभारावयास माणसे तरी असतील.

मराठीच्या अभ्यासकाला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एकतर, एकोणिसाव्या शतकात मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली होती आणि तिला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना झगडावे लागले होते. विद्यापीठाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे मराठीला ठाऊक आहे. दुसरे असे की, मोनच्याच ऑस्ट्रो-आशियाई कुळातील कोरकू भाषा मेळघाटात बोलली जाते. तेथे मराठीची भूमिका रानड्यांच्या मराठीची नसून बर्मीची आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद रास्तच होय. परंतु ज्या भाषेने प्रतिष्ठेसाठी इतकी प्रतीक्षा केली, तिच्या विद्यापीठांत कोरकूला किती जागा आहे, हे विचारल्यावाचून मोनविषयीची सहानुभूती पुरी होत नाही.