अंध गीतकर्त्री फॅनी क्रॉस्बी

फॅनी क्रॉस्बीबाई आंधळ्या होत्या आणि तरीही त्यांनीं आठ हजारांहून अधिक ख्रिस्ती गीतें रचिलीं, एवढें सांगून पुष्कळ वक्ते थांबतात. ऐकणारे हळहळतात, चकित होतात आणि घरीं जातात. अशा कौतुकानें बाईंस न्याय मिळत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म अमेरिकेंत न्यूयॉर्क प्रांतांत १८२० सालीं झाला. सहा आठवड्यांच्या असतां डोळे आले व वैद्य म्हणविणाऱ्या कोणा इसमाच्या मोहरीच्या पोटिसानें दृष्टि गेली, असें कुटुंबांत मानीत. दोष जन्मतःच असावा, असेंही आतां कित्येक म्हणतात. त्याच वर्षीं वडील वारले व आई दुसऱ्यांच्या घरीं कामास जाऊं लागली. आजीनें मात्र नातीची नुसती कींव केली नाहीं. पक्षी, फुलें, आकाशाचे रंग यांचें वर्णन करून तिनें तीस जग दाखविलें आणि पवित्र शास्त्राचे अध्यायच्या अध्याय मुखोद्गत करविले. पुढें अनेक गीतें मनांतल्या मनांत रचून, स्मरणांत ठेवून, मग लेखनिकास सांगण्याची जी शक्ति बाईंच्या अंगीं दिसली, ती आमच्या मतें या पाठांतराचें फळ होय. आमचे विद्यार्थी पाठांतरास कंटाळतात, म्हणून हें मुद्दाम लिहितों.

न्यूयॉर्कची अंधशाळा १८३१ सालीं निघाली. बाई तींत १८३५ सालीं गेल्या, आणि १८४७ पासून १८५८ पर्यंत तेथेंच शिक्षिका होत्या. शाळेचें दार उघडलें नसतें, तर ही बुद्धि एखाद्या खेड्याच्या कोपऱ्यांत पडून राहिली असती. अधू मुलास मायेपोटीं घरीं बसविणाऱ्या आईबापांनीं याचा विचार करावा.

१८६४ मध्यें ब्रॅडबरी या संगीतकाराच्या सांगण्यावरून त्या भक्तिगीतांकडे वळल्या. इतकीं गीतें एकाच हातचीं दिसूं नयेत म्हणून तीं सुमारें दोनशें टोपणनांवांनीं छापलीं गेलीं. मोबदला दर गीतास एक-दोन डॉलर. कोणी म्हणेल, बाई तर संतुष्ट होत्या. होत्या खऱ्या, मिळालें तेंही गरिबांस वाटून टाकीत. परंतु काम करणाराच्या संतोषानें काम घेणाराचा व्यवहार न्याय्य ठरत नाहीं.

सर्वच गीतें उत्तम नाहींत; पुष्कळांत तेच ते शब्द येतात. पण १८५९ सालीं त्यांचें एकुलतें मूल तान्हेपणींच वारलें, हें जाणून येशूच्या बाहूंत निर्भय असल्याचें १८६८ चें गीत वाचावें. डोन नांवाचे संगीतकार आगगाडी गांठण्याच्या घाईंत चाल घेऊन आले व अर्ध्या तासांत तें गीत तयार झालें, असें सांगतात. लिहिण्यास अर्धा तास लागला असेल. त्यामागें नऊ वर्षांचें दुःख होतें, असें आम्ही समजतों.

पुढें कित्येक वर्षें त्या मॅनहॅटनमधील गरीब वस्तींत राहिल्या व बावरी मिशनमधील व्यसनी, बेघर माणसांत जाऊन बसत. १२ फेब्रुवारी १९१५ रोजीं ब्रिजपोर्ट येथें त्या वारल्या. थडग्यावरील मूळचा दगड अगदीं लहान असून त्यावर ‘आंट फॅनी’ असें कोरलेलें आहे.