भिंत कोणाची आणि कशाची?

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावरच्या चित्रावर 'जॉन स्मिथ' हे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडलेली आहे. लेणं तेव्हा दगडमातीने बरंच भरलेलं होतं. त्या ढिगाऱ्यावर उभं राहून या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हात चालवला, म्हणून ते नाव आज पाहणाऱ्याच्या डोक्याच्या वर दिसतं. त्या ओरखड्यांखालचा रंग आणि गिलावा आता कोणालाही परत आणता येणार नाही.

दुसरीकडे, रेल्वेलगतच्या करड्या भिंतीवर एखादा मुलगा रात्री स्प्रेचा डबा घेऊन येतो, फुगीर अक्षरांत आपलं टोपणनाव रंगवतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. थोड्याच दिवसांत त्यावर कसल्यातरी क्लासची जाहिरात चिकटते, नाहीतर पालिकेचा चुना फिरतो. भिंत होती तशी होते.

आपल्या रोजच्या बोलण्यात हे दोघेही एकाच पिंजऱ्यात उभे असतात. दोघांवरही आरोप एकच, विद्रूपीकरणाचा. माझा वाद इथून सुरू होतो.

ग्राफिटीला सरसकट गुन्हा म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. ते विचारतात, भिंत ज्याची त्याला विचारलंत का? विचारलं नसेल तर चित्र कितीही देखणं असो, ती घुसखोरीच. रात्रीतून कोणी शटर रंगवून गेलं तर सकाळी रंगाचा आणि मजुरीचा भुर्दंड दुकानदाराला बसतो, रंगवणाऱ्याला त्याची झळही लागत नाही. हे सगळं खरं आहे. कोणाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, चाळीच्या जिन्यात, सोसायटीच्या कुंपणावर न विचारता रंग मारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पै पै साठवून घराला रंग काढणाऱ्या माणसाला 'ही कला आहे, समजून घ्या' असं सुनावणं हा निव्वळ उद्दामपणा आहे. एवढा पूर्वपक्ष मला पूर्ण मान्य.

मात्र त्याच दमात ते पुढे म्हणतात की परवानगी नाही, म्हणजे कला नाही. ही उडी मला मान्य नाही. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगली, तेव्हा त्यासाठी कोणी कचेरीत अर्ज केला नव्हता. बेचाळीसच्या आंदोलनात 'चले जाव' लिहिणाऱ्यांनी तर ज्या सरकारला जायला सांगितलं, त्याच्याकडेच परवानगी मागायला हवी होती काय? त्या अक्षरांना आज आपण इतिहास म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण मग न विचारता लिहिलेली प्रत्येक ओळ घाण असते, हे विधान आपणच खोटं ठरवलेलं आहे.

आणि मालकी म्हणजे भिंतीवरचा शेवटचा शब्द, हे तरी कुठे खरं आहे? न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या लाँग आयलंड सिटी भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या संमतीने जगभरचे ग्राफिटी कलावंत तिथे वर्षानुवर्षं रंगवत होते. जागेवर उंच निवासी इमारती उभ्या करायचं ठरल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फिरवला. कलावंत कोर्टात गेले. अमेरिकेत दृश्यकलावंतांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहे. भिंतीवरचं चित्र काढायचं असेल तर चित्रकाराला ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असं तो सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी २१ कलावंतांना ४५ चित्रांसाठी एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. खासगी मालमत्तेला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या देशात, स्वतःच्याच भिंतीवर स्वतःच्याच पैशाने चुना फासणारा माणूस दोषी ठरला. आपल्याकडेही दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये परस्पर उतरवलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष परत देवविले. ही दोन्ही कामं परवानगीने झालेली होती, हे मी विसरत नाही. मला त्यांतून एवढंच दाखवायचं आहे की भिंतीवर काम उभं राहिलं की मालकाखेरीज आणखी कोणाचा तरी तिच्यावर हक्क निर्माण होतो, आणि हे न्यायालयांनाही दिसतं.

परवानगीचा आग्रह धरणाऱ्यांना मी एकदा चौकात उभं राहून वर पाहायला सांगेन. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ पासून आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. तरीही वाढदिवसाचे फ्लेक्स सिग्नल झाकतात, झाडांना खिळे ठोकून टांगले जातात, बसथांब्याचं नाव वाचू देत नाहीत. त्यांनी शहराचं जेवढं रूप खाल्लं आहे, त्याच्या पासंगालाही स्प्रेचे डबे पुरणार नाहीत. तिथे मूग गिळून बसायचं आणि पुलाच्या खांबावर मासा रंगवणाऱ्या पोराला मात्र सौंदर्यदृष्टीचे धडे द्यायचे, हा न्याय नव्हे.

विरोधकांचा दुसरा मुद्दा जास्त अभ्यासाचा आहे. फुटलेली एक काच तशीच राहिली की उरलेल्याही फुटतात, हा विल्सन आणि केलिंग यांचा १९८२ चा सिद्धान्त. भिंत रंगली की वस्ती बिघडते, असं त्यावरून म्हणतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात त्याचा प्रयोगही झाला. एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवली. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक रस्त्यावर टाकलं आणि भिंतीवर ग्राफिटी असताना ६९ टक्क्यांनी. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा शोधनिबंध आला. आकडे बोलके आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण त्या भिंतीवर ग्राफिटीला मनाई असल्याची पाटी होती, आणि संशोधकांनी मुद्दाम साध्या रेघोट्या मारल्या होत्या. कोणाला ती कला वाटू नये याची त्यांनी काळजी घेतली होती. म्हणजे पाहणाऱ्याला कला आणि रेघोटी यांतला फरक कळतो, हे प्रयोग करणाऱ्यांनीच धरून चाललं होतं. जो प्रयोग हा फरक मानून उभा राहिला, तो 'दोन्ही सारखंच' या दाव्याचा साक्षीदार कसा होईल?

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण तिथेही खंडन करण्यासारखं बरंच आहे. काही मित्र म्हणतात, माणसाला खूण मागे ठेवावीशी वाटते, तीच ग्राफिटीची प्रेरणा. तिला रेषा आखून देणारे आपण कोण? न्यूयॉर्कच्या 'टाकी १८३'चं उदाहरण ते देतात. निरोप पोचवण्याचं काम करणारा हा पोरगा जाईल तिथे आपलं टोपणनाव आणि गल्लीचा क्रमांक लिहायचा. २१ जुलै १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर अनुकरण सुरू झालं. पुढे हेच मित्र म्हणतात की रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचंही नाव आहेच. मग गडावर नाव लिहिणाऱ्या आजच्या पोराला शिव्या का?

हा युक्तिवाद ऐकून मला खरोखर वेदना होतात. ज्याने गड बांधला, त्याने आपलं नाव पायरीवर कोरलं. देवाला येणाऱ्याचं पाऊल त्यावर पडावं, म्हणून पायरी. तिथे नाव कोरताना त्याने दुसऱ्याचं काही पुसलं नाही. आजचा पोरगा खिशातली किल्ली काढून तटाच्या चिऱ्यावर बाण मारलेला बदाम कोरतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताची टाकी घासून काढत असतो. ते नाव काढायला तारेचा ब्रश घेतला तर नावाबरोबर दगडाची जुनी कातडीही निघते. तैलरंग असेल तर तो दगडाच्या छिद्रांत शिरून बसतो. मी गडावर ब्रश घेऊन बसलेली तरुण मंडळी पाहिली आहेत. सकाळपासून दुपारपर्यंत घासून दोन-तीन नावं जेमतेम फिकी होतात, आणि तेवढ्यात पलीकडच्या बुरुजावर कोणीतरी नवं नाव लिहून ठेवतं.

जॉन स्मिथचं नावही आता इतिहासच झालं, असंही कोणी म्हणतं. झालं असेल. त्याखालचं चित्र त्याहून शेकडो वर्षं जुना इतिहास होतं.

'आम्ही नियमात राहून रंगवतो, म्हणून आम्हीच खरे' म्हणणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईत सेनापती बापट मार्गाची, म्हणजे जुन्या तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत नागरिकांनी पालिकेच्या पाठिंब्याने रंगवली. राजकारण नको, धर्म नको, जाहिरात नको, असे नियम होते. ती भिंत पाहून बरं वाटायचं, आणि अशा भिंती हव्यातच. पण शहराच्या भिंतीवर फक्त मंजूर झालेलं फुलपाखरूच बसेल असं ठरवलं, तर ज्याला काही बोचरं म्हणायचं आहे त्याने कुठे जायचं? ज्याला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही आणि गॅलरीत पाऊल टाकायला संकोच वाटतो, त्याच्या हाताला येणारा कागद म्हणजे भिंत. ससून डॉकमध्ये २०१७ च्या कलाप्रकल्पात कोळीवाड्यातल्या माणसांचे मोठमोठे चेहरे भिंतींवर लागले, तेव्हा रोज त्याच धक्क्यावर राबणाऱ्यांना आपण शहराला दिसतो आहोत याचा जो अर्थ कळला असेल, तो कुठल्याही शोभेच्या वेलबुट्टीने कळला नसता.

मग रेषा आखायची कुठे? माझं उत्तर असं की चित्र कसं आहे हे न विचारता भिंत कोणाची आणि कशाची आहे, हे विचारावं. कोलंबियाची राजधानी बोगोटा या उत्तरापर्यंत फार मोठी किंमत मोजून आली. ऑगस्ट २०११ मध्ये तिथे भिंत रंगवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसाने पाठीत गोळी घातली, आणि तो दरोडेखोर होता असं दाखवण्याचा प्रयत्न झाला. शहर संतापलं. २०१३ मध्ये नगरशासनाने ग्राफिटीचा नवा नियम केला. स्मारकं आणि तशा काही जागा पूर्ण निषिद्ध, दुसऱ्याच्या भिंतीला मालकाची संमती आवश्यक, आणि नेमून दिलेल्या सार्वजनिक भिंतींवर ग्राफिटीला मान्यता. त्या नियमाच्या मुळाशी जागेचा विचार होता. व्हिएन्नात डोनाउ कालव्याच्या काठी 'वीनर वाँड' म्हणून राखलेल्या भिंतींवर कोणीही, केव्हाही रंगवू शकतो. आजचं चित्र उद्या दुसऱ्याच्या चित्राखाली जातं, आणि तिथे कोणी त्याबद्दल तक्रार करत नाही.

परत न येणारी भिंत, मग ती लेण्याची असो, गडाची किंवा देवळाची, तिच्यावर खडूचीसुद्धा रेघ नको. पुरातत्त्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो जिथे लागू आहे तिथे वापरा, विशेषतः जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांवर. माणसाच्या घराची भिंत त्या माणसाची. आणि उड्डाणपुलाखालचे खांब, नाल्याच्या, रेल्वेच्या, गोदामांच्या त्या मैलोगणती मुक्या भिंती सगळ्यांच्या आहेत. तिथे लावलेल्या रंगाला कला म्हणावं, ती वाईट असेल तर वाईट कला म्हणावं, पण गुन्हा म्हणू नये.

महापालिकांकडे माझी मागणी एकच आहे. प्रत्येक प्रभागात एक भिंत द्या, तिच्यावर काय लिहायचं ते आधी तपासू नका, आणि तिच्यावर फ्लेक्स लावू देऊ नका. आणि वाचकहो, पुढच्या वेळी गडावर तुमच्याबरोबरच्या कोणी खिशातून किल्ली काढली, तर तिथल्या तिथे त्याचा हात धरा.